वाचक विचारतात : मुलांना आपली वाटेल अशी खोली

बालगृहं, वसतिगृहं आणि आई-वडिलांविना नातेवाइकांकडे वाढणारी मुलं यांच्या राहत्या जागेबद्दल गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली काही पत्रं आणि आमच्या वास्तुरचनाकार व बालसमुपदेशक मंडळाची उत्तरं इथे देत आहोत. मुलांची ओळख पटेल असा सगळा तपशील पत्रांतून गाळला आहे.

प्रश्न : आमच्याकडे 38 × 28 फुटांच्या एकाच हॉलमध्ये 24 मुली झोपतात. वय 11 ते 17. खाटा ओळीने लावल्या आहेत. रात्री भांडणं होतात, वस्तू चोरीला जातात, काही जणी तर भर उन्हाळ्यातही डोक्यावरून पांघरूण घेतल्याशिवाय झोपत नाहीत. खोल्या बांधायला पैसे नाहीत आणि मुलींवर लक्ष तर राहिलं पाहिजे. काय करता येईल?
— अधीक्षिका, मुलींचं बालगृह, सोलापूर जिल्हा

तुमच्या हॉलमध्ये मुलीमागे 44 चौरस फूट जागा आहे. बाल न्याय कायद्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांत 25 मुलांच्या शयनगृहाला 1000 चौरस फूट, म्हणजे डोक्यामागे 40 धरले आहेत. तेव्हा जागा पुरेशी आहे, मांडणी बदलायला हवी.

ओळीत खाट असली की मुलीच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी असतं, पायाशी वर्दळीची वाट असते आणि पाठीला आधार कसलाच नसतो. ज्या मुलीला झोपेत कुणी हात लावलेला आहे, ती अशा जागी झोपत नाही, जागता पहारा देते. डोक्यावरचं पांघरूण हा तिने स्वतःपुरता केलेला आडोसा आहे. ती सवय मोडायला जाऊ नका, तिला आडोसा द्या.

38 फुटांच्या दोन्ही लांब भिंतींना लागून तीन-तीन कप्पे करा. प्रत्येक कप्पा साधारण साडेबारा फूट रुंद आणि 10 फूट खोल. दोन्हीकडचे कप्पे धरून 20 फूट जातात, मधे 8 फुटांची वाट उरते. एका कप्प्यात चार खाटा, 6 × अडीच फुटांच्या. दोन खाटा बाहेरच्या भिंतीला समांतर एकापुढे एक आणि उरलेल्या दोन डाव्या-उजव्या आडभिंतींना लागून. म्हणजे प्रत्येक खाटेची एक लांब बाजू भिंतीला टेकते, मधे साडेसात फुटांचा चौकोन मोकळा राहतो आणि कुठल्याही खाटेवरून मान वळवली की कप्प्यात कोण येतंय ते दिसतं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. आत येणारा माणूस दिसेल अशी जागा आणि पाठीला भिंत एवढं मिळालं, की झोप पुष्कळ सुधारते.

आडभिंतीची उंची बरोबर 4 फूट ठेवा. खाट दीड फूट उंच असते, त्यावर बसलेल्या मुलीचं डोकं साधारण चार फुटांवर येतं, म्हणजे बसली किंवा आडवी झाली की ती शेजारच्या कप्प्यातून दिसत नाही. उभ्या असलेल्या काळजीवाहक ताईंना मात्र सगळा हॉल दिसतो. पाच-साडेपाच फुटांची भिंत केली की ताईंना दिसेनासं होतं आणि मग दर अर्ध्या तासाला आत डोकावणं सुरू होतं. त्याने आडोशाचा अर्थच जातो.

सामान कसलं वापरायचं? इथे वसतिगृहांत सगळ्यात मोठा शत्रू ढेकूण. प्लायच्या दोन फळ्यांमधली पोकळी आणि लाकडी पट्ट्यांच्या फटी ही त्यांची हक्काची घरं. म्हणून एक इंची चौकोनी लोखंडी नळीची चौकट करा, तिच्यात एकाच जाडीचा पत्रा किंवा सिमेंट फायबर बोर्ड बसवा, सांधे भरून घ्या आणि ऑइल पेंट द्या. खाली 4 इंच मोकळं ठेवलंत की झाडू, फरशीचं फडकं आणि वारा तिन्ही जातात. चौकट फरशीला अँकर बोल्टने पक्की करा, मुली तिला रेलणार हे धरूनच चाला.

दोन मजली खाटा घेऊन जागा वाचवू असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. स्लॅब दहा फुटांवर असेल तर पंख्याची पाती साडेआठ-नऊ फुटांवर फिरतात आणि वरच्या खाटेवर बसलेल्या मुलीचं डोकं आठ फुटांवर येतं. हात वर केला की संपलं. साध्या खाटा ठेवल्या तर प्रत्येक कप्प्याच्या मोकळ्या चौकोनावर 48 इंची एक पंखा व्यवस्थित बसतो.

चोऱ्यांवर शिक्षेपेक्षा कुलूप जास्त लागू पडतं. कप्प्याच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंना, दीड फूट रुंद, दीड फूट खोल आणि दोन फूट उंच असे एकावर एक दोन लॉकर बसतात. चार मुली, चार लॉकर. किल्ली मुलीच्या गळ्यात किंवा कमरेला. दुसरी किल्ली तुमच्याकडे बंद पाकिटात आणि लॉकर उघडायचा तो ती मुलगी समोर असतानाच, हा नियम लेखी करून भिंतीवर लावा. दुसऱ्या किल्लीचा एकदा जरी गैरवापर झाला तरी लॉकरवरचा विश्वास उडतो आणि वस्तू पुन्हा गादीखाली जातात.

दिव्यांचं शेवटी सांगतो, पण ते आधी करता येईल. रात्रभर पांढरी ट्यूब जळत ठेवू नका आणि गुडूप अंधारही करू नका. मधल्या वाटेत आणि संडासापर्यंत, जमिनीपासून फूटभर उंचीवर, पिवळसर प्रकाशाचे अर्ध्या ते एक वॉटचे दिवे. आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी एक छोटा दिवा, बटण झोपल्या झोपल्या हाताला येईल असं. दचकून जागी झालेली मुलगी कुणाला न उठवता स्वतः उजेड करू शकली, तर तिला पुन्हा झोप लागायची शक्यता बरीच वाढते. कॅमेरे हॉलच्या दाराबाहेर ठेवा, आत कदापि नको.

प्रश्न : देणगीदार मुलांच्या खोल्या रंगवून द्यायला तयार आहेत. कार्टूनची चित्रं काढावीत का? गुलाबी रंगाने मुलं शांत होतात असंही ऐकलं.
— विश्वस्त, होटगी रस्ता

गुलाबीची गोष्ट 1979 सालची, अमेरिकेतल्या सिएटलच्या नौदल कोठडीतली. एका विशिष्ट गुलाबी रंगाच्या खोलीत कैद्यांचा आक्रमकपणा कमी झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. नंतरच्या काटेकोर प्रयोगांत तो परिणाम टिकला नाही. तेव्हा रंगाकडून औषधाची अपेक्षा ठेवू नका.

भिंती फिक्या आणि मंद, चकाकी नसलेल्या ठेवा. पण धुता येईल असाच इमल्शन घ्या, कारण हात लागणार, डोकं टेकणार, तेल लागणार. छत पांढरं. खालच्या तीन फुटांवर गडद तैलरंगाचा पट्टा मारायची सरकारी पद्धत टाळा. ज्या मुलांनी पोलीस ठाणी आणि इस्पितळं पाहिली आहेत त्यांना तो पट्टा लगेच ओळखू येतो. तीन-चार छटांचे दोन-दोन फुटांचे नमुने भिंतीवर मारून ठेवा, आठवडाभर राहू द्या आणि त्या खोलीतल्या मुलांना निवडू द्या. चौदा वर्षांच्या मुलाला छोट्यांची कार्टून नको असतात, ती त्याला कमीपणाची वाटतात. त्यापेक्षा प्रत्येक खाटेशेजारी 2 × 3 फुटांचा पिनबोर्ड द्या. त्यावर काय लावायचं ते त्याचं तो ठरवील.

आणि एक विनंती, अगदी मनापासून. पंख्यावर, कपाटावर, खाटेच्या लोखंडावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवू नका. जे मूल रोज डोळे उघडल्या उघडल्या आपल्या खाटेवर परक्याचं नाव वाचतं, त्याला ही खाट माझी असं कधीच वाटत नाही. देणगीदारांची नावं कार्यालयातल्या एका फलकावर सन्मानाने लिहा. समजावून सांगितलं तर बहुतेकांना पटतं.

प्रश्न : समुपदेशनाची खोली 10 × 12 फुटांची आहे. टेबल, दोन खुर्च्या, फायलींचं कपाट. मुलं बोलतच नाहीत. खोलीत काही चुकतंय का?
— समुपदेशक, सात रस्ता

क्षेत्रफळ नियमाप्रमाणे 120 चौरस फूट आहे, त्यात काही कमी नाही. सगळ्यात आधी फायलींचं कपाट बाहेर काढा. ते तिथे असेपर्यंत कुणी ना कुणी ‘एकच मिनिट हं’ म्हणत आत येणार आणि मूल अर्ध्या वाक्यावर थांबणार. शिवाय आपल्याबद्दल काय काय लिहिलंय ते त्याच कपाटात आहे, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं.

टेबल भिंतीला लावा, तुमच्या नोंदींपुरतं. दोन सारख्याच उंचीच्या खुर्च्या समोरासमोर न ठेवता कोनात ठेवा, मधे साधारण 4 फूट. कोनात बसलं की मुलाला तुमच्याकडे बघताही येतं आणि नजर चुकवून खिडकीकडेही बघता येतं. मुलाची खुर्ची अशी हवी की त्याला दार दिसेल आणि दार व त्याच्यामधे तुम्ही येणार नाही. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं असतं : समुपदेशक दाराकडे, मूल कोपऱ्यात. कोंडून मारलेल्या मुलाला ती जागा काय सांगत असेल याचा विचार करा. तिसरा पर्याय म्हणून एक सतरंजी आणि दोन लोड, खाली बसायला. हाताला चाळा हवा म्हणून ओली माती, कागद, खडू. घड्याळ दोघांनाही दिसेल असं, म्हणजे वेळ संपल्याचं तुम्हाला मनगटाकडे बघून सांगावं लागत नाही.

आता आवाज. दाराबाहेर उभं राहून आतल्याला साध्या आवाजात बोलायला सांगा. शब्द कळले तर खोली निकामी आहे. आवाज बहुधा दाराखालच्या फटीतून आणि छतापर्यंत न पोचलेल्या प्लायच्या भिंतीवरून जातो. फटीला रबरी पट्टी लावा, भिंत स्लॅबपर्यंत चढवा, पोकळीत खनिज लोकर (रॉकवूल) भरा. दारात वरच्या बाजूला हातभर काच असू द्या, तिच्यातून तुमची खुर्ची दिसावी, मुलाची नाही. यात तुमची आणि मुलाची दोघांचीही सुरक्षितता आहे.

सोलापुरात येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरी तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा लमाणी बोलतात. दारावरच्या आणि भिंतीवरच्या सूचना चित्रांसह आणि त्या भाषांत लिहा. 1098 हा बालहेल्पलाइनचा क्रमांक मुलाच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत.

प्रश्न : वसतिगृह वरच्या मजल्यावर आहे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळनंतर मुलं फार चिडतात. दोन मोठे कूलर आहेत तरी उकडतं.
— गृहपाल, अक्कलकोट रस्ता

दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता काही तासांनी आत सोडतो, म्हणून नेमकी झोपेची वेळ सगळ्यात वाईट. कूलरच्या आधी गच्ची पांढरी करा. भेगा भरा, गच्ची धुऊन कोरडी करा, मग उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. पैसे नसतील तर चुना : 1 किलो चुन्याला साधारण 5 लिटर पाणी, रात्रभर भिजवून, गाळून, थोडा डिंक किंवा फेविकॉल घालून तीन हात. पहिल्या पावसात बराच धुऊन जातो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावा लागतो.

कूलरसमोरच्या भिंतीची खिडकी उघडी नसेल तर दमट हवा आतच कोंडते आणि अंग चिकचिकतं. तुमचं दुखणं बहुधा तेच आहे. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचं पाणी बंद करा, नुसता पंखा चालवा. छताखाली थर्माकोल मात्र लावू नका. तो भराभर पेटतो आणि धूर विषारी असतो.

प्रश्न : माझी नात 13 वर्षांची, लेक गेल्यापासून माझ्याकडेच असते. दोन खोल्या आहेत, एकीत मी विड्या वळते. शेजारी मागाचा शेड आहे, दिवसभर खडखड. पोर गप्प गप्प असते. तिला वेगळी खोली कुठून देऊ?
— आजी, पूर्व भाग, सोलापूर

आजी, वेगळी खोली नसली तरी चालेल. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद एवढा कोपरा तिच्या नावाचा करा. आतल्या खोलीतला, शेडच्या भिंतीपासून लांबचा. जमिनीपासून साडेसहा फुटांवर एक गज किंवा जाड तार ओढून त्यावर जुनी चादर पडद्यासारखी लावा. कड्या लावल्या तर ती सहज सरकते. भिंतीला तीन फूट लांबीची एक फळी आणि एक छोटा दिवा, ज्याचं बटण तिच्या हाताशी येईल. तिची एक पेटी आणि कुलूप. पेटी तुम्ही उघडायची नाही, काळजीपोटीसुद्धा नाही. पडदा बाजूला करायच्या आधी तिला हाक मारा आणि ओ आली की मगच सरकवा. घरातल्या मामा-काकांनाही हेच सांगा, जरा ठासून सांगा.

आईचा फोटो कुठे लावायचा ते तिलाच विचारा. काही मुलांना तो सारखा डोळ्यांसमोर हवा असतो, काहींना पेटीत ठेवून हवा तेव्हा काढायचा असतो. दोन्ही बरोबर.

मागाचा आवाज चादरीने थांबणार नाही, हे आधीच सांगते. चादरीने खोलीतला घुमारा तेवढा कमी होतो. शेडकडच्या खिडकीच्या फटी बुजवल्या तर थोडा फरक पडतो आणि जमिनीतून येणारी थरथर खाटेच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवल्याने थोडी कमी जाणवते. तंबाखूचं सूप आणि पोती तिच्या झोपायच्या, अभ्यासाच्या जागेपासून दुसऱ्या खोलीत, दाराजवळच्या वाऱ्यात ठेवा. ती धूळ तिच्या अंथरुणावर बसायला नको. महिने उलटूनही ती बोलत नसेल, जेवण-झोप तुटली असेल, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : आमच्याकडे स्वमग्न मुलगा आहे. जेवणाच्या हॉलमध्ये कान झाकून ओरडतो. त्याच्यासाठी ‘शांत कोपरा’ कसा करायचा?
— काळजीवाहक, बार्शी

आधी हॉलच शांत करू. शहाबादी फरशी, सिमेंटच्या भिंती, उघडा स्लॅब आणि पन्नास स्टीलची ताटं. आवाज शोषणारी एकही वस्तू तिथे नाही. टेबलांवर रबरी चटया घाला, बाकांच्या पायांना रबरी टोप्या बसवा. भिंतीपासून 4 इंच पुढे गज लावून त्यावर जाड सोलापुरी चादरी चुण्या पाडून सोडा, भिंतीच्या रुंदीच्या दीडपट-दुप्पट कापड लागेल. ताणून चिकटवलेल्या चादरीचा उपयोग फार थोडा. चुण्या आणि मागची पोकळी हेच काम करतात. गॅसजवळ लावू नका, महिन्यातून एकदा धुवा. चोक असलेल्या जुन्या ट्यूब लुकलुकतात आणि गुणगुणतात, त्या बदला. पंगत दोन पाळ्यांत बसवली तर आवाज आणखी उतरतो.

कोपरा 5 × 6 फूट पुरे. तीन बाजूंना आडोसा, चौथी उघडी, दार नाही, कडी तर नाहीच. खाली जाड गादी, अंगावर घ्यायला एक वजनदार चादर, मंद करता येणारा दिवा, कानावर बसणारे आवाजरोधक हेडफोन. तिथे आपणहून जायचं आणि आपणहून यायचं. ‘जा, तिथे जाऊन बस’ असं रागावून एकदा म्हटलं की तो कोपरा शिक्षेचा झाला, मग कितीही गाद्या घाला. मुलगा शांत असताना रोज पाच मिनिटं त्याला तिथे बसू द्या, म्हणजे गरज पडेल तेव्हा ती जागा ओळखीची असेल.

एखाद्या मुलाने स्वतःला इजा करून घेतली असेल तर त्याच्या खोलीत काचेच्या आरशाऐवजी ॲक्रिलिकचा, भार पडताच खाली दुमडणारे हुक आणि बाहेरूनही उघडता येणारी कडी बसवा. त्याची खाट काळजीवाहकाच्या खोलीजवळ असू द्या, पण एकट्याला वेगळं ठेवू नका. खोली हे उपचार नव्हेत, मानसोपचारतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात एक मूल ट्रान्सजेंडर आहे आणि एक चाकाच्या खुर्चीवर. न्हाणीघर सामाईक, मधे हौद. दोघंही आंघोळ टाळतात.
— गृहपाल, पंढरपूर

टाळणारच. आणि दोघंच नाहीत, लाजून पहाटे चारला उठणारी आणखीही मुलं असतील. हौद काढा आणि एकेकट्याच्या न्हाण्या करा, 5 × 5 फुटांच्या. दार वरपर्यंत, खाली फट चार इंचांहून जास्त नको. बाहेर स्त्री-पुरुषाची चित्रं न लावता नुसते आकडे लावा. आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा निकालात मान्य केला. पण त्या एकाच मुलासाठी ‘वेगळी’ न्हाणी काढू नका, नाहीतर सगळं वसतिगृह तिच्याकडे बोट दाखवील. सगळ्याच एकेकट्याच्या असल्या की प्रश्न उरत नाही.

चाकाच्या खुर्चीसाठी त्यांतली एक मोठी, साधारण 7 × 6 फूट करा. आत 1500 मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं हवं, नाहीतर खुर्ची वळत नाही. दार 900 मिलिमीटर मोकळं, बाहेर उघडणारं, कारण आत पडलेल्या मुलाच्या अंगावर दार अडकतं. कमोडची बैठक 450 ते 480 मिलिमीटर उंचीवर, बाजूला आणि मागे पकडायला दांड्या, त्या विटेच्या भिंतीत पक्क्या केलेल्या. उंबरा नको, उतार असेल तर एक फूट चढायला बारा फूट लांबी.

रोज नळाला पाणी नसतं, तेव्हा हौदाऐवजी वर टाकी आणि प्रत्येक न्हाणीत तोटी, बादली, तांब्या. आणि एक गोष्ट गवंडी हटकून विसरतात : आत, पाणी उडणार नाही अशा उंचीवर, कोरड्या कपड्यांसाठी फूटभर रुंद फळी आणि दोन हुक. ती नसली की मुलं ओल्या अंगाने टॉवेल गुंडाळून बाहेर येतात आणि कपडे सगळ्यांसमोर बदलावे लागतात. फळी साडेपाच फुटांवर लावा, मोठ्या न्हाणीत मात्र साडेतीन फुटांवर, नळाच्या समोरच्या भिंतीला, म्हणजे खुर्चीवर बसूनही हात पोचेल.